सात नंबरची बुटकी

टिपणीस साहेबांनी बंदुकीचा सायलेन्सर डोळ्याला लावला आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"दिसतोय," ते म्हणाले. "उकंडा दिसतोय. पण फारच बारीक दिसतोय."

त्यांचे कारकून निमजे बाबू हसले. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हसायची त्यांना सवय होती. त्यामुळे वाक्य हसण्यासारखं नसलं की त्यांची पंचाईत व्हायची. मग ते खोकायचे.

चांदमारीच्या मैदानावर मोहाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. टेबलावर हिरवं कापड, कापडावर तीन सायलेन्सर. एक जाडजूड, राखी रंगाचा, दिसायला पाण्याच्या पाइपाचा तुकडा. दुसरा त्याहून बारीक. तिसरा काळा, सडपातळ, चकचकीत. मुंबईच्या कंपनीचे मलकानी नावाचे गृहस्थ ते घेऊन आले होते. कोट घालून आले होते, आक्टोबरच्या उन्हात.

डोंगरटोल्याचं ते पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र, टिपणीस साहेब तिथले प्रमुख. मी तिथे शस्त्रागारात फिटर होतो. बाप खाती, म्हणजे लोहार. कानस धरायला त्याने शिकवलं, बाकी काही शिकवलं नाही, कारण त्यालाही येत नव्हतं. अक्षर मला पुढे पंचावन्नाव्या वर्षी आलं. तेव्हा फक्त आकडे यायचे.

जंगलात जाणाऱ्या पथकासाठी दहा रायफली आल्या होत्या. लांब बंदूक बांबूच्या रांजीत, दाट बेटात, अडकते म्हणून यांच्या नळ्या कुठल्याशा कारखान्यात कापून आखूड केलेल्या. पोरं त्यांना बुटक्या म्हणायची. नळी आखूड झाली की आवाज मोठा होतो, तोंडाशी जाळही दिसतो. म्हणून सायलेन्सर. आणि सायलेन्सर कायमचा बसवायचा, पुन्हा कधी निघता कामा नये, असा साहेबांचा हुकूम होता.

या हुकुमामागे कारण होतं. मागच्या पावसाळ्यात दोन सायलेन्सर वापरून पाहायला दिले होते, आट्यांवर फिरवून बसवायचे. त्यातला एक नाल्यात पडला. नऊ दिवस अख्खं पथक कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चिखल चाळत होतं. सायलेन्सर सापडला नाही, तिघांना हिवताप झाला, आणि साहेबांना वरून खुलाशाचं पत्र आलं. त्या पत्रापासून साहेबांच्या डोक्यात एकच होतं. जे निघत नाही ते हरवत नाही.

"कल्पना कोणाची?" मलकानींनी विचारलं होतं.

"माझीच," साहेब म्हणाले होते, आणि मुलगा झाल्यासारखा चेहरा केला होता.

"लालसू, मार," साहेबांनी हाक दिली.

लालसू पुंगाटी पथकात सगळ्यांच्या पुढे चालायचा. जंगलातच जन्मलेला, तिशीच्या आतला. पाय टाकायच्या आधी जमीन बघायचा आणि बोलायच्या आधी माणूस बघायचा. त्याने एकेक सायलेन्सर लावून तीन-तीन गोळ्या मारल्या. साहेब, निमजे आणि मलकानी शंभर पावलांवर खुर्च्या टाकून बसले. आवाज किती येतो ते ऐकायचं होतं. निमजे बाबूंच्या मांडीवर वही होती. त्यांचा डावा कान लहानपणापासून बंद, आणि ते बंदुकीकडे डावा कान करून बसले होते.

"ऐकू आलं?" पहिल्याला साहेबांनी विचारलं.

निमजेंनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. "आलं साहेब. बरंच आलं."

"आणि हा?"

"हा... जरा आला."

काळ्याची पाळी आली. साहेबांनी भुवया वर केल्या आणि हसले.

"काहीच नाही साहेब!" निमजे म्हणाले. "मला तर वाटलं, मारलीच नाही."

"ये आमचा टॉप माल आहे साहेब," मलकानी म्हणाले. "बाहेरच्या देशात हाच चालतो."

तिसरी गोळी मारायला लालसू अजून थांबलाच होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग सगळे टेबलाशी परत आले आणि काळाही पुन्हा कापडावर ठेवला गेला.

खरं तर मला कोणी विचारलं नव्हतं. पण ढेंगळे हवालदार, शस्त्रागाराचे मुख्य, माझ्या शेजारी उभे होते आणि कोपराने ढोसत होते. "सांग ना बे. तुलेच बसवा लागते."

मी पुढे झालो. "साहेब, एक अर्ज होता."

"बोल."

"कायमचा बसवायचा तर तो राखी बरा. त्याचं टोकाचं भोक मोठं आहे. या नळ्या कापताना तोंडं सरळ कापलेली नाहीत. काळ्याचं भोक गोळीला पुरेल तेवढंच आहे. बसवताना केसाएवढा कलली तरी..."

"कलली?" साहेब म्हणाले. घाबरून माझी जीभ अडकली होती. निमजे हसले.

"कलला तरी, साहेब, गोळी टोकाला घासणार. राखी उघडून आतून पाहता येतो. काळा उघडत नाही."

साहेबांनी सिगारेट पेटवली. "तुझं नाव काय रे, पूर्ण?"

"उकंडा कवडूजी बावणे."

"उकंडा म्हणजे उकिरडाच ना?"

"जी साहेब. माझ्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं मला जन्मल्यावर उकिरड्यावर..."

"मलकानी, हे बघा. उकिरड्यावरचे तज्ज्ञ." ते मलकानींकडे वळले. "बाहेरच्या देशातले इंजिनियर चुकले, आणि आमचा उकंडा बरोबर."

मलकानीही हसले, पण थोडंसं. मालाची माहिती त्यांना होती, असं मला वाटलं. त्यांनी एकदा राखीकडे पाहिलं, मग काळा उचलून साहेबांच्या हातात दिला. "दिसायला पण चांगला आहे साहेब. फोटोत चांगला येतो."

तिथेच निवड झाली. साहेबांनी काळा सायलेन्सर बुटकीच्या तोंडाशी धरला, हात लांब करून पाहिलं, डोकं एका बाजूला कलवलं. बायका आरशासमोर नथ लावून बघतात, तसं. ते आयुष्यात कधी जंगलात रात्र राहिले नव्हते. त्यांच्या बंगल्यावर पाल निघाली की पहाऱ्यावरचा शिपाई बोलावत. पण तो सायलेन्सर कसा दिसतो ते त्यांना अगदी बरोबर कळत होतं.

"खांडेनवमीला शस्त्रपूजा," ते म्हणाले. "त्या दिवशी दहाही पाहिजेत. पूजा झाली की पथक निघेल."

खांडेनवमीला सहा दिवस होते.

*

मलकानींच्या गाडीत दहा काळे तयारच होते. मी ते पाच दिवसांत बसवले. जितकं सरळ करता येईल तितकं केलं. तोंडं घासली, पण आधीच आखूड असलेली नळी किती घासणार? बसवून झाले की प्रत्येकीतून एक सरळ गज घालून पाहिला. सहांतून गज मधोमध बाहेर आला. चारांतून आला तो भोकाच्या काठाला टेकून. तीन, चार, सात आणि नऊ. सगळ्यात वाईट सात. तिच्यात गज टोकाला अडलाच, फिरवून काढावा लागला.

ज्याला हे काम माहीत नाही त्याला इतकंच सांगतो. गोळी त्या गजासारखी फिरवून निघत नाही. अडली तर ते टोक फुटतं, आणि बंदूक आखूड असल्यामुळे मारणाऱ्याचा डावा हात अगदी त्याच्या मागेच असतो. हाताच्या वर चेहरा असतो.

सात नंबर लालसूच्या नावावर होती.

मी ढेंगळेंना गज दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"माह्या पेन्शनीले पाच महिने हायेत, उकंड्या."

"मला माहीत आहे."

"मंग मले काहून दाखवतं?"

पण ते भले माणूस होते. टोपी घातली आणि मला घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब शस्त्रपूजेच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूर पाहत होते. 'शुभहस्ते' हा शब्द त्यांना दुसऱ्या ओळीत नको होता, पहिल्या ओळीत हवा होता.

ढेंगळे म्हणाले, "साहेब, दहापैकी चार जरा..."

"जरा काय?"

ढेंगळेंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. गजही दाखवला. साहेबांनी गज हातात घेतला नाही.

"कोणत्या चार?"

"तीन, चार, सात, नऊ. सात जास्तच."

त्यांनी एका चिठ्ठीवर ते आकडे लिहिले, माझ्यासमोर. चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, ऐकलं.

"हे बघ," ते म्हणाले. "दहाचं पत्र वर गेलंय. दहाचं आमंत्रण कलेक्टर ऑफिसला गेलंय. सहाच ठेवल्या तर बाकीच्या चार कुठे गेल्या, कोणी निवडल्या, का निवडल्या, हे सगळं निघेल. तुला निघायला हवंय का?"

"साहेब, काढून राखी बसवता येतील. मला आठ दिवस द्या."

"काढून?" त्यांनी हसून ढेंगळेंकडे पाहिलं. "हवालदार, न निघणारे बसवायला सांगितले होते ना? मग हा काढतो कसे? म्हणजे नीट बसवलेच नाहीत."

ढेंगळेंनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या दृष्टीने दहाही सारख्याच आहेत," साहेब म्हणाले. "दाखला तयार करा."

दाखल्यावर माझा अंगठा लागत होता. मी सहांवर दिला, चारांवर दिला नाही. माझ्या नोकरीत साहेबाला नाही म्हणायची ती पहिलीच वेळ, आणि ते मी तोंडाने म्हटलंही नाही, नुसता हात मागे घेतला. निमजे बाबू शाईचा डबा धरून उभेच राहिले.

"याच्या अंगठ्याशिवाय काय सरकार थांबतं?" साहेब म्हणाले. "हवालदार, तुम्ही सही करा."

ढेंगळेंनी सही केली. त्यांच्या सहीत नेहमी शेवटी एक लांब शेपूट असायचं. त्या दिवशी शेपूट काढलं नाही. ते मला तेव्हा वाचता आलं नाही, पण दिसलं.

*

खांडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी लालसू कामशाळेत आला. येताना त्याने टेंभुर्णीची फळं आणली होती. त्याला पथकातून सुट्टी असली की तो माझ्याकडे येऊन बसायचा. फारसं बोलायचा नाही. कानशीचा आवाज त्याला आवडतो म्हणायचा.

"पोरं म्हणत होती, तू साहेबाशी भांडला."

"भांडलो नाही. सांगितलं."

"काय?"

मी दार लोटलं आणि सात नंबर आणून त्याच्यासमोर गज घातला. तो अडला तो त्याने पाहिला. स्वतः हाताने फिरवून पाहिला.

"ही तुझी," मी म्हणालो. "उद्या घेऊ नको. पोट दुखतंय म्हण. हिवताप आला म्हण."

लालसूने एक टेंभुर्णी फोडली. बी अंगठ्याने काढली.

"मी घेतली नाही तर कोणाले देतील?"

"मला काय माहीत."

"मले माहीत आहे. माह्या मागे चालते त्याले पुढे घालतील, त्याची काढून ही देतील. झुरू तिम्मा. त्याची बायको गरोदर आहे." त्याने बी खिडकीबाहेर फेकली. "आणि तीन, चार, नऊ कोणाच्या आहेत तेही मले माहीत आहे. सगळ्याईचं पोट दुखवू का?"

"मग काय करतोस?"

"मी काय करू? बंदूक तुह्या हातातून येते. साहेबाले सांग."

"सांगितलं म्हणतो ना."

"त्याले समजलं नाही."

"समजलं. चांगलं समजलं. आकडे लिहून घेतले त्याने. खिशात आहेत."

लालसूने गज उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "असं म्हणतं? समजलं त्याले?"

"हो."

"मंग तो हात लावन का तिले?"

मी सात नंबर उचलून परत जागेवर ठेवली. तो उठला, उरलेली फळं माझ्या टेबलावर ओतली आणि गेला.

*

आमच्याकडे पद्धत होती. शस्त्रपूजेला नव्या हत्याराची पहिली गोळी मुख्य अधिकारी मारायचा. हत्यार भरून त्याच्या हातात द्यायचं काम शस्त्रागाराच्या फिटरचं. पहिली गोळी मातीच्या बांधात जायची, टाळ्या व्हायच्या, फोटो निघायचा, मग नावं पुकारून हत्यारं वाटायची. आजवर मी तीन साहेबांच्या हातात अशी हत्यारं दिली होती. एकाने तर डोळे मिटून मारली होती.

सकाळी नऊला मैदानावर मांडव. लाल कापडावर दहा बुटक्या ओळीने, दस्त्यावर हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. प्रत्येकीला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. समोर खुर्च्या. तहसीलदार आले होते, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले होते, जिल्ह्याच्या गावाहून फोटोवाला आला होता. साहेबांच्या बाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्या मात्र चांगल्या होत्या. पोरांना आपल्या हाताने पेढे वाटत होत्या, नावं विचारत होत्या.

पथक एका बाजूला उभं होतं. लालसू पहिला.

कोहळा कापला, नारळ फुटला. साहेबांनी गॉगल काढून निमजे बाबूंकडे दिला, फोटोसाठी. मग हात पुढे केला. मान फोटोवाल्याकडे, हात माझ्याकडे.

मी सात नंबर उचलली. तिला मॅगझिन लावली, बोल्ट मागे ओढून सोडला आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या हातात दिली.

ते हसतच होते. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा इकडे." साहेबांनी बुटकी छातीशी धरली. धरता धरता त्यांची नजर बिल्ल्यावर गेली.

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला.

"ही कशाला?" ते दाताआड म्हणाले.

"पूजेची आहे साहेब."

"एक नंबर दे."

"दहाही सारख्याच आहेत साहेब," मी म्हणालो. मोठ्याने नाही. पण पथक दहा हातांवर होतं.

"एक नंबर दे म्हणतो ना!"

तहसीलदार पुढे वाकले. बाई उठून जवळ आल्या. "अहो, तीच मारा ना. मी मुद्दाम हिलाच गोंडा बांधलाय. सगळ्यात पुढे चालतो त्या मुलाची आहे म्हणे ही."

"तुला त्यातलं कळत नाही."

"कळायचं काय त्यात? बाकीच्यांसारखीच तर आहे."

"खांद्याला बसत नाही मला ही!" साहेब ओरडले. बंदूक त्यांनी माझ्या हातात जवळजवळ फेकली. घेताना माझं बोट चापाजवळ जाऊ नये एवढीच मी काळजी घेतली. मग एक नंबर भरून दिली. ती त्यांच्या खांद्याला बसली. बसायलाच हवी होती, दहाही एका मापाच्या होत्या. त्यांनी बांधात गोळी मारली. आवाज खरंच कमी आला. टाळ्या झाल्या, पण अर्ध्याच. पथकातून एकही हात वाजला नाही.

ढेंगळे हवालदारांनी यादी उघडली. त्यांनी चष्मा लावला.

"लालसू पुंगाटी. सात."

लालसू पुढे आला. ताठ उभा राहून सलाम केला. साहेबांनी सात नंबर त्याच्यापुढे धरली. लालसूने हात पुढे केला नाही.

"घे," साहेब म्हणाले.

"मलेही एक नंबर पाहिजे जी."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"काय?"

"सात माह्या खांद्याले बसत नाही जी."

डॉक्टर हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग त्या गोंडा बांधलेल्या बंदुकीकडे. बाईंनी हातातला पेढ्यांचा डबा खुर्चीवर ठेवला.

"पुंगाटी, हुकूम आहे."

"हो जी. हुकूम आहे. पण बसत नाही."

ढेंगळेंनी घाईने पुढचं नाव घेतलं. यादीत ते नऊ नंबरचं होतं. पण त्याआधीच तीन नंबरवाला कोणी न पुकारता पुढे आला होता. "मलेही बसत नाही साहेब." मग चार. मग नऊ. मग, ज्याच्या बंदुकीत काहीही खोट नव्हती तो दोन नंबरचा झुरू तिम्माही आला. "मलेही नाही बसत जी." एकेकजण येत होता, सलाम ठोकत होता, तेवढंच बोलत होता, मागे जात होता. कोणी हसत नव्हतं. शिस्त इतकी चांगली मी त्या मैदानावर कधी पाहिली नव्हती.

शेवटी साहेब म्हणाले, "चहा घ्यायचाय ना सगळ्यांनी?" आणि मांडवाबाहेर चालू लागले. निमजे बाबू गॉगल धरून मागे धावले. तहसीलदार उठावं की बसावं ते न कळून अर्धे उठून राहिले.

पथक त्याच संध्याकाळी निघालं, जुन्या लांब रायफली घेऊन. दहाही बुटक्या कुलपात गेल्या. चौकशी झाली नाही. चौकशी झाली असती तर साहेबांना सांगावं लागलं असतं की सात नंबर त्यांनी का परत केली, आणि खिशातली चिठ्ठी त्याला आडवी येत होती. पुढे त्यांना बढती मिळाली. जिथे गेले तिथे चांदमारीचं मैदान नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नसावं. मलकानींची कंपनी त्यानंतर पुन्हा आमच्याकडे आली नाही, दुसरीकडे गेली असेल. काळा, सडपातळ माल घेणारी माणसं सगळीकडे असतात.

माझी बदली मात्र आठ दिवसांत झाली. दोनशे कोस लांब, दुसऱ्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात, पोलिसांच्या सायकली आणि कुलपं दुरुस्त करायला. पत्र निमजे बाबूंनी वाचून दाखवलं. शेवटी ते म्हणाले, "बावणे, मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं हो त्या दिवशी." मी म्हणालो, "तुम्हाला कधी आलंय?" एवढंच.

*

लालसू मला एसटीला पोहोचवायला आला. पथक दोन दिवसांपूर्वीच परतलं होतं, सगळे धड. त्याने माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. गाडी सुटायला वेळ होता.

"एक विचारू, मिस्त्री?"

"विचार."

"त्यानं मारली असती तर?"

"कोणी?"

"साहेबानं. सात नंबर. आकडा दिसला नसता त्याले. फोटोकडेच पाहत होता ना तो."

"दिसला ना पण."

"दिसला. पण नसता दिसला तर? बाई त्याच्या शेजारीच उभी होती. पेढे घेऊन."

मी रस्त्याकडे पाहिलं. ड्रायव्हर चहा पिऊन येत होता.

लालसू माणूस बघत होता, बोलायच्या आधी बघायचा तसा. "मी तुले सांगितलं होतं, तो हात लावन का म्हणून. पण मी असं नव्हतं सांगितलं. त्या दिवसापासून माह्या डोक्यात तेच आहे. आपला हात वाचवायले दुसऱ्याचा तोडाचा, हे तर तोही करत होता."

"मॅगझिन रिकामी होती," मी म्हणालो.

"रिकामी?"

"मग काय! मी काय खुळा आहे का? नुसता खटका वाजला असता. फजिती झाली असती त्याची, एवढंच."

लालसूचा चेहरा सैल पडला. त्याने खिडकीतून हात आत घालून माझा खांदा दाबला. "मंग ठीक. मले वाटलं, तूही त्यायच्यातलाच."

गाडी सुटली. तो हात हलवत राहिला. वळणापर्यंत मी त्याच्याकडे पाहून हसलो.

मॅगझिन भरलेली होती. सकाळी मीच भरली होती, एकेक गोळी पुसून.